कानाआड गेलेला इतिहास : सीमाभागातील वार्धक्य आणि श्रवण

वार्धक्याची वर्णने आपल्या वाङ्मयात विपुल आहेत. शंकराचार्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ‘चर्पटपंजरिका’ स्तोत्रातील म्हातारा तर आपल्यापैकी बहुतेकांना लहानपणापासून परिचित आहे. त्याचे केस पिकले आहेत, तोंडाचे बोळके झाले आहे, हाती काठी आली आहे. या प्रसिद्ध चित्रात एक गोष्ट मात्र नाही, ती म्हणजे कान. यात आश्चर्य करण्यासारखे काही नाही. पडलेला दात दिसतो, वाकलेली पाठ दिसते. गेलेले श्रवण कोणास दिसत नाही. जे दिसत नाही त्याची नोंद होत नाही, आणि ज्याची नोंद नाही त्याचा इतिहासही लिहिला जात नाही. बेळगाव-निपाणी भागातील वृद्धांच्या श्रवणऱ्हासालाही एक इतिहास आहे, आणि तो केवळ शरीराचा नसून आपल्या उद्योगांचा, घरांचा, कायद्यांचा व भाषांचाही आहे, हे दाखविण्याचा प्रयत्न आम्ही या लेखात करणार आहोत.

कानाच्या विकारांची जाण आपल्या पूर्वजांना नव्हती असे नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अठ्ठावीस कर्णरोग सांगितले आहेत. त्यांत ‘कर्णनाद’ आणि ‘बाधिर्य’ यांचा स्वतंत्र उल्लेख आहे. घरोघरी तर कानात कोमट तेल घालण्याची चाल अगदी अलीकडेपर्यंत होती, आणि चांदीचे कानकोरणे किल्ल्यांच्या जुडग्यात लटकत असे. (पडद्याला छिद्र असलेल्या किंवा वाहणाऱ्या कानात तेल घालणे अपायकारक असते, हे येथे सांगितलेले बरे.) मात्र म्हातारपणी कान जाणे हा रोग नसून वयाचा हिशेब आहे, अशीच सर्वांची समजूत राहिली. ‘आजोबांचे कान गेले’ हे वाक्य ‘दिवस मावळला’ या वाक्याइतक्याच सहजपणे बोलले जाई. नाटकांत आणि वगांत बहिरा म्हातारा हा हमखास हशा मिळविणारा इसम. विचारले एक आणि उत्तर आले दुसरेच, की ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण तयार असे. चष्म्याने माणूस विद्वान दिसतो आणि कानातल्या यंत्राने अधू दिसतो, ही आपल्या समाजाची जुनी वर्गवारी आजही पुरती मोडलेली नाही.

पूर्वी हे चालून गेले, कारण वृद्ध संख्येने थोडे होते. १९५१ च्या सुमारास भारतीय माणसाचे सरासरी आयुर्मान जेमतेम बत्तीस वर्षांचे धरले जाई. बालमृत्यूंमुळे हा आकडा इतका खाली होता हे खरे. तरी साठी ओलांडणारे शेकड्यात साडेपाचच्या आसपासच होते. २०११ च्या जनगणनेत साठीपुढच्यांची संख्या दहा कोटी अडतीस लाखांवर, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्क्यांवर गेली. कर्नाटकात हे प्रमाण ९.५ टक्के, तर महाराष्ट्रात ९.९ टक्के होते. आपल्या जुन्या मराठी घराण्यांत तर ही गोष्ट आकड्यांवाचूनही कळते. मुले पुण्या-मुंबईस, बंगळूरास किंवा परदेशी गेली; ठळकवाडीत, शहापुरात, निपाणीच्या जुन्या पेठेत मोठ्या घरातून दोनच माणसे उरली, आणि त्यांतल्या एकाला कमी ऐकू येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या श्रवणविषयक अहवालानुसार साठीपुढील माणसांपैकी शेकडा पंचवीसांहून अधिकांना दैनंदिन व्यवहारात अडथळा आणणारा श्रवणदोष असतो. म्हणजे चार वृद्धांत एक, असा हा हिशेब आहे.

हा दोष नेमका कसा उद्भवतो हे थोडक्यात पाहू. आपल्या अंतर्कर्णात शंखाच्या आकाराची एक नळी असते आणि तीत सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केसपेशी असतात. नाद टिपून तो मज्जातंतूकडे देणे हे त्यांचे काम. या पेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. शंखाच्या तोंडाशी असलेल्या पेशी उंच पट्टीचे स्वर टिपतात आणि सर्वप्रथम त्याच झिजतात. वयानुसार उंच स्वर आधी जातात ही गोष्ट झ्वार्डेमाकर या डच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात पद्धतशीरपणे मांडली. बोलण्यातील स्वर हे खालच्या पट्टीचे व जोरकस असतात. ‘स’, ‘श’, ‘त’, ‘प’, ‘क’, ‘ठ’ यांसारखी व्यंजने उंच पट्टीची व क्षीण असतात. परिणामी म्हाताऱ्या माणसाला आवाज ऐकू येतो, पण शब्द ऐकू येत नाही. ‘पाट’, ‘ताट’, ‘खाट’ आणि ‘काठ’ हे त्याच्या कानी एकाच मुशीतून आलेले शब्द होतात. ‘मला ऐकू येते, तुम्हीच पुटपुटता’ ही वृद्धांची तक्रार म्हणूनच हेकेखोरपणाची नसते. ती त्यांच्या कानाची अगदी अचूक साक्ष असते. ज्या पंचक्रोशीतील सुळेभावी गावी १९२४ साली कुमार गंधर्वांचा जन्म झाला, त्या आपल्या भागात कानसेनांची वाण कधी नव्हती. अशा जुन्या श्रोत्याला तंबोऱ्याचा खर्ज आणि डग्ग्याची घुमक शेवटपर्यंत सुख देते, परंतु बंदिशीचे शब्द त्याच्या हातून निसटतात, त्याचे कारण हेच.

तथापि सर्व दोष वयाच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. १९६२ साली सॅम्युएल रोझेन या अमेरिकन कर्णतज्ज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी सुदानमधील मबान जमातीचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंदुका नाहीत, यंत्रे नाहीत, अशा शांत मुलखात राहणाऱ्या या लोकांतील वृद्धांचे श्रवण अमेरिकेतील त्याच वयाच्या माणसांपेक्षा पुष्कळच चांगले आढळले. त्यात आहाराचा वा आनुवंशिकतेचा वाटा किती, याविषयी पुढे मतभेद झाले. पण जन्मभर कानावर पडलेला गोंगाट म्हातारपणी आपली वसुली करतो, ही गोष्ट आता निर्विवाद आहे. मग आपल्या भागाने आपल्या माणसांच्या कानांवर काय काय घातले, हे तपासले पाहिजे.

पहिला मान मागाचा. शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते, आणि तेथील विणकरांची लुगडी दूरवर नावाजलेली होती. शहापूर, वडगाव, खासबाग या पट्ट्यात घराघरांत माग होता. खड्ड्यात पाय सोडून चालविण्याच्या हातमागाचा आवाज होई, पण त्यावर गप्पा चालत, गाणी चालत, कांड्या भरणाऱ्या बायकांशी बोलणे होई. १९०४ साली शेजारच्या इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसला, आणि पुढील काळात ही लाट आपल्याकडेही आली. यंत्रमागात धोटा एका पेटीतून दुसरीत मिनिटाला शंभराहून अधिक वेळा आदळतो. असे आठ-दहा माग एका पत्र्याखाली चालू असले म्हणजे आवाज नव्वद ते शंभर डेसिबलपर्यंत जातो. आठ तासांच्या कामास नव्वद डेसिबल ही आपल्याकडील नियमांनी घातलेली कमाल मर्यादा आहे. मागशाळेत बोलणे अशक्यच; हातवारे आणि ओठांची हालचाल यांवर सारा कारभार. इंग्लंडातील लँकेशायरच्या गिरण्यांत तर विणकर बायकांनी ओठांच्या हालचालींची जणू निराळी बोलीच तयार केली होती.

हे दुखणे धंद्यातून येते हे ज्ञान नवे नव्हते. अठराव्या शतकाच्या आरंभी रामाझिनी या इटालियन वैद्याने व्हेनिसच्या तांबटांना ठोकाठोकीने बहिरेपणा येतो असे लिहून ठेवले आहे. आपल्या पेठांतील तांबट आळ्यांना ही गोष्ट सांगण्यासाठी इटलीचा वैद्य लागला नसता. १८८६ साली ग्लासगो येथे टॉमस बार या डॉक्टराने बाष्पपात्रे घडविणाऱ्या शंभर कारागिरांचे कान तपासले; त्यांत निर्दोष श्रवणाचा एकही सापडला नाही. आपल्याकडे १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या अनुसूचीत आवाजाने येणारा बहिरेपणा हा अधिसूचित रोग म्हणून समाविष्ट होता. पण विजेवर चालणाऱ्या कारखान्यात किमान दहा कामगार असल्यावाचून तो मूळ कायदा लागू होत नसे, आणि आपला विणकर तर चार माग घेऊन स्वतःच्या माजघराशेजारी बसलेला. तो मालकही होता आणि कामगारही. त्याच्या कानांची दाद त्याने कोणाकडे मागावी? शिवाय त्या घरात त्याच्याबरोबर बायको-मुलेही तोच खडखडाट ऐकत होती.

याच्या अगदी उलट चित्र निपाणीचे. विडी वळणे हे काम मुके नव्हे, पण निःशब्द आहे. सुपात पाने व तंबाखू घेऊन ओळीने बसलेल्या बायका हाताने विड्या वळीत आणि तोंडाने जगाचा समाचार घेत. तेथे कान शाबूत राहिले, परंतु छातीने किंमत मोजली. आणि छातीच्या रोगाचा रस्ता पुन्हा कानाकडेच वळतो. १९४३-४४ च्या सुमारास लागलेल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या शोधाने क्षयरोग्यांना जीवदान मिळाले. पुढे कित्येक दशके आपल्या भागातील शेकडो घरांत या सुया घेतल्या गेल्या असतील. या औषधाचा व त्याच्या जातीच्या इतर औषधांचा ज्ञात दुष्परिणाम म्हणजे अंतर्कर्णाची हानी. कोणाचा तोल जाई, कोणाचे ऐकणे जाई. जीव वाचला यापुढे कानाची तक्रार कोण करणार? तंबाखूविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. धूम्रपान करणाऱ्यांत श्रवणदोषाचे प्रमाण अधिक असते, असे अनेक देशांतील अभ्यासांतून दिसून आले आहे. म्हणजे निपाणीने वळलेल्या विडीनेही दूरच्या कोणाच्या तरी कानाला हात लावला असेल.

तिसरा आवाज पलटणीचा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे प्रशिक्षण केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे, आणि सीमाभागातील किती घरांच्या भिंतींवर त्या गणवेशातील छायाचित्र आहे हे वाचकांस सांगावयास नको. पहिल्या महायुद्धात कूतच्या वेढ्यात, दुसऱ्या महायुद्धात एरिट्रियातील केरेनच्या डोंगरात आणि इटलीत मराठा शिपाई लढले. इटलीतील पराक्रमाबद्दल यशवंत घाडगे व नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रायफलीची एक गोळी सुटताना कानाशी होणारा आवाज दीडशे डेसिबलांच्या घरात जातो. त्या काळी चांदमारीत कानात कापसाचा बोळा घातला तर घातला. पेन्शनीत गावी परतलेल्या सुभेदाराचा आवाज मोठा असे. तो हुकमी सवयीचा परिणाम आहे असे गाव समजे. प्रत्यक्षात पुष्कळदा त्याला स्वतःचाच आवाज नीट ऐकू येत नसे. शौर्याची बिदागी शिलालेखात कोरली गेली, कानाची किंमत कोठेच लिहिली गेली नाही.

आणि अखेर उत्सवाचा आवाज. लोकमान्यांनी एप्रिल १९१६ मध्ये बेळगावातच होमरूल लीगची स्थापना केली, तेव्हा सभांतून ध्वनिक्षेपक नव्हते. वक्त्याचा गळा आणि श्रोत्याचे कान यांवरच सभा चाले. आज मिरवणुकीतील ‘डॉल्बी’च्या भिंतीपुढे नाचणारी पोरे आपल्या साठीतले कान विशीतच खर्चून टाकीत आहेत. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकास बंदी आहे. पण नियमाने कान वाचत नाहीत, पालनाने वाचतात.

कान कसे गेले हे झाले. आता गेलेल्या कानांचा माणूस कसा सांभाळला गेला ते पाहू. जुन्या वाड्यात म्हाताऱ्या माणसाची जागा ओसरीवर, उजेडात असे. येणारा-जाणारा समोर येऊन, पाया पडून, तोंडाकडे पाहून बोले. घरातील एखादे नातवंड किंवा धाकटी सून ही त्याची न नेमलेली दुभाषी असे. बाहेरचे बोलणे तीच कानाशी नेऊन पोहोचवी. घरात आवाज कमी होते, माणसे पुष्कळ होती. पुढे रेडिओ आला. आकाशवाणीचे धारवाड केंद्र १९५० साली आणि सांगली केंद्र १९६३ साली सुरू झाले. आपली घरे दोन्ही केंद्रे ऐकत, आणि रेडिओचे बटण दिवसेंदिवस उजवीकडे सरकू लागले की आजोबांचे कान कोठवर आले ते कळे. आज सदनिकेत माणसे कमी आणि आवाज पुष्कळ आहेत: मिक्सर, पंखा, दूरदर्शन संच, फरशीवर व काचांवर घुमणारा प्रतिध्वनी. नातू दुसऱ्या खोलीतून, मोबाइलवर नजर ठेवून बोलतो. जुना वाडा कमी ऐकणाऱ्या माणसाला नकळत सोयीचा होता. नवे घर, तितकेच नकळत, त्याला गैरसोयीचे झाले आहे.

आता आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा आणि केवळ सीमाभागालाच विशेषेकरून लागू पडणारा मुद्दा. कान जे गाळतो ते मेंदू अंदाजाने भरून काढतो. हा अंदाज मातृभाषेत सर्वांत पक्का असतो, कारण पुढचा शब्द कोणता येणार हे मनाला आधीच ठाऊक असते. नंतर शिकलेल्या भाषेत तो अंदाज लंगडा पडतो. गोंगाटात परभाषा आधी निसटते, हा अनुभव सार्वत्रिक आहे आणि तो प्रयोगांनीही सिद्ध झालेला आहे. आता आपल्याकडील स्थिती पाहा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि मुंबई राज्यातील बेळगाव, निपाणीचा मुलूख म्हैसूर राज्यात गेला. त्या दिवसापूर्वी मराठी शाळेत शिकलेली मुले आज पंचाहत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांनी कन्नड पुढे शिकून घेतली: बाजारात, बसमध्ये, कचेरीत, शेजारधर्मात. पन्नास-साठ वर्षे त्यांचा व्यवहार दोन्ही भाषांत सुरळीत चालला. पण कान थकू लागले की त्यांच्यातील कन्नड आधी विझते. ‘इप्पत्तु’, ‘एप्पत्तु’ आणि ‘एंबत्तु’, म्हणजे वीस, सत्तर आणि ऐंशी, यांतील फरक त्यांना भाजीवाल्याच्या तोंडून उमगत नाही, त्या वेळी घरातले ‘सात’ आणि ‘साठ’ मात्र अजून कसेबसे उमगत असतात. लोक म्हणतात, म्हातारा कन्नड विसरला, किंवा मुद्दाम बोलत नाही. तो विसरलेला नसतो आणि अडून बसलेलाही नसतो. त्याला ती ऐकू येईनाशी झालेली असते. जन्माने कन्नड असलेल्या आपल्या वृद्ध शेजाऱ्यांच्या बाबतीत हेच उलट्या क्रमाने घडते. त्यांच्याकडून आयुष्यभर वापरलेली मराठी आधी सुटते. जी दोन माणसे चाळीस वर्षे एका कट्ट्यावर दोन्ही भाषांत बोलत बसली, ती शेवटी केवळ मान डोलावीत बसतात, यात भाषेच्या भांडणाचा काही संबंध नसतो. भांडण कानाचे असते.

आम्ही राज्य शासनाच्या सेवेत असताना एका तालुक्याच्या कचेरीत घडलेला प्रकार या संदर्भात सांगण्यासारखा आहे. वृद्धापकाळाच्या मासिक साहाय्यासाठी आलेल्या एका म्हाताऱ्या विणकरास कारकुनाने कागदांतून मान वर न करता कन्नडमध्ये विचारले, दुसरे काही उत्पन्न आहे काय? म्हाताऱ्याने नम्रपणे होकार दिला. अर्ज नामंजुरीच्या गठ्ठ्यात जाऊ लागला. त्याला बाजूच्या बाकावर बसवून, समोर बसून, तोच प्रश्न मराठीत सावकाश विचारला तेव्हा त्याने तीनदा ‘नाही’ म्हणून सांगितले. कारकून उर्मट नव्हता, कायदा चुकीचा नव्हता, म्हातारा लबाड नव्हता. कमी ऐकू येणारा माणूस अपरिचितांपुढे बहुधा ‘हो’ म्हणतो, कारण पुन्हा विचारण्याची त्याला लाज वाटते. या एका ‘हो’पायी किती अर्ज, किती साक्षी आणि किती खरेदीपत्रे बिघडली असतील, याचा हिशेब कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.

कायद्यातील एक पोकळीही येथे दाखविली पाहिजे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने चांगल्या कानात साठ डेसिबल वा त्याहून अधिक ऱ्हास असेल तरच श्रवणदोष मानला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ‘कमी ऐकू येणारा’ याची व्याख्या दोन्ही कानांत साठ ते सत्तर डेसिबल ऱ्हास अशी केली. जागतिक आरोग्य संघटना मात्र पस्तीस डेसिबलपुढचा ऱ्हासच व्यवहारास बाधक मानते. पस्तीस आणि साठ यांच्या दरम्यान जी विस्तीर्ण पट्टी उरते, तीतच आपले बहुसंख्य वृद्ध बसतात. त्यांना जेवणाच्या पंगतीतले बोलणे कळत नाही, पण दाखला मिळत नाही. कागदोपत्री ते सुदृढ आहेत.

संस्थांचा इतिहासही असाच आहे. मुंबईत मूक-बधिरांसाठी पहिली शाळा १८८५ च्या सुमारास निघाली. म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था १९६५ साली, तर वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ साली स्थापन झाली. आपल्या बेळगावात जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय १९६३ साली सुरू झाले आणि कानाच्या उपचारासाठी मिरज-पुणे गाठण्याची गरज पुष्कळ कमी झाली. या संस्थांनी मोठे काम केले. परंतु त्यांच्यापुढे प्रामुख्याने मूल होते, आणि ते योग्यच होते, कारण न ऐकणारे मूल बोलायलाच शिकत नाही. वृद्ध त्या रांगेत फार उशिरा आला. ज्येष्ठांचे राष्ट्रीय धोरण १९९९ साली आले. बहिरेपणा प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ मध्ये पंचवीस जिल्ह्यांत प्रायोगिक रूपात सुरू झाला. दारिद्र्यरेषेखालील वृद्धांना श्रवणयंत्रे देणारी राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ ची. यंत्राची कथाही अशीच संथ. दूरध्वनीचा जनक ग्रॅहम बेल याची आई बहिरी होती; १८७६ च्या त्याच्या शोधातूनच पुढे, १८९८ च्या सुमारास, विजेवर चालणारे पहिले श्रवणयंत्र निघाले. १९५२-५३ मध्ये ट्रान्झिस्टर आल्यावर ते खिशात मावू लागले, आणि १९९६ च्या सुमारास अंकीय यंत्रे बाजारात आली. आपल्या वाचकांपैकी अनेकांना खिशातली ती डबी आणि कानापर्यंत गेलेली वायर आठवत असेल. ती सर्वच आवाज सारखे मोठे करी, म्हणून पुष्कळांनी ती कपाटात ठेवली. आजचे यंत्र प्रत्येकाच्या श्रवणलेखानुसार बसविता येते; पण चष्म्यासारखे पहिल्या दिवसापासून ते सुखावह होत नाही. मेंदूला विसरलेले आवाज पुन्हा शिकावे लागतात, आणि त्याला काही आठवडे, कधी काही महिने लागतात.

हे सर्व आता तातडीचे का, तर कानाचा संबंध बुद्धीशी आहे असे ठामपणे पुढे आले आहे. स्मृतिभ्रंशाविषयी ‘लॅन्सेट’ने नेमलेल्या तज्ज्ञमंडळाने २०२४ च्या अहवालात टाळता येण्याजोगी चौदा कारणे सांगितली, त्यांत श्रवणदोष हे एक प्रमुख कारण आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत सत्तर ते चौऱ्याऐंशी वयाच्या सुमारे हजार व्यक्ती होत्या. श्रवणयंत्राने सर्वांच्याच बुद्धीत फरक पडला असे नाही. पण ज्यांना धोका मुळात अधिक होता, त्यांच्यात तीन वर्षांतील बौद्धिक घसरण जवळजवळ निम्म्याने मंदावली. आपल्या जुन्या म्हणीला हे उत्तर आहे. साठीनंतर बुद्धी नाठी होते असे नव्हे. बुद्धीपर्यंत शब्द पोहोचत नाहीत, आणि उपाशी ठेवलेले मन खंगते. वृत्तपत्र दोनदा वाचणारे, वाचनालयात सकाळी सर्वांआधी येऊन बसणारे कित्येक ज्येष्ठ खरे तर संभाषणातून हद्दपार झालेले असतात. छापील अक्षर त्यांच्याशी पुटपुटत नाही, म्हणून ते तेथे रमतात.

मग करावे काय? उपाय अवघड नाहीत. साठीनंतर डोळ्यांबरोबर कानही तपासून घ्यावेत. कित्येकदा नुसता मळ काढल्यानेही काम भागते. श्रवणतपासणीत केवळ शिट्टीसारखे नाद ऐकवून न थांबता शब्द ऐकवून परीक्षा घेतात. ती परीक्षा रुग्णाच्या मातृभाषेत घेतली जावी असा त्या शास्त्राचाच दंडक आहे. मराठी वृद्धाने मराठी शब्दांचा आणि कन्नड वृद्धाने कन्नड शब्दांचा आग्रह धरावा; यात कोणाचा उपमर्द नाही. परभाषेतल्या शब्दांवर केलेली परीक्षा कानाची न राहता भाषेची होते आणि निदान चुकते. घरात बोलताना समोर यावे, चेहऱ्यावर उजेड असावा, मिक्सर बंद करावा, एका वेळी एकाने बोलावे. ओरडू नये, थकलेल्या कानाला मोठा आवाज स्पष्ट न होता कर्कश होतो. एकदा कळले नाही तर तेच वाक्य पुन्हा न म्हणता निराळ्या शब्दांत सांगावे. आणि ‘जाऊ द्या, काही नाही’ हे तीन-चार शब्द घरातून कायमचे हद्दपार करावेत, कारण त्यांच्याइतका माणसाला एकटे पाडणारा दुसरा शब्दप्रयोग मराठीत नाही.

शेवटी, हा विषय आम्ही साहित्यविषयक पत्रिकेत का मांडला, हे सांगितले पाहिजे. १७ जानेवारी १९५६ चे बेळगाव ज्यांनी डोळ्यांनी पाहिले, हातमागाचे शहापूर आणि १९८१ च्या तंबाखू आंदोलनातील निपाणी ज्यांना सनावळीवाचून आठवते, त्यांतील अनेक माणसे आज आपल्या घरातच आहेत. त्यांच्या आठवणी लिहून घ्याव्यात असा ठराव आपण वारंवार करतो. पण आठवण ही विचारल्यावाचून निघत नाही, आणि प्रश्न ऐकू आल्यावाचून उत्तर मिळत नाही. ज्या म्हाताऱ्याशी चार वर्षांत कोणी धड वाक्य बोलले नाही, त्याच्यापुढे एके दिवशी ध्वनिमुद्रक ठेवला तर तो काय सांगणार? आपल्या घराण्यांचा कागदोपत्री इतिहास थोडा आहे. बराचसा या माणसांच्या तोंडी आहे, आणि तेथवर जाण्याचा रस्ता त्यांच्या कानातून जातो. तो रस्ता बुजण्याआधी दुरुस्त करणे हे वैद्यांचे काम आहे, तसेच आपलेही आहे.